बुडवण्याआधीचं काम

दिवाळीला नातेवाइकांना घरी केलेल्या चॉकलेटची खोकी द्यायची असं तू ठरवलंस आणि पहिला प्रश्न विचारलास तो हा, की "आत्या, चॉकलेट कुठलं आणू?" सगळ्या जणी हाच आधी विचारतात. अगं, चॉकलेट म्हणजे शेवटच्या तासाभराचं काम. आतला गोळा, वडी, दाणा जो काय असेल तो कोरडा हवा, फार गार नको आणि फार गोड तर मुळीच नको. एवढं जमलं की बुडवणं शाळेतली पोरंही करतील. म्हणून मी आतून सुरुवात करते. चॉकलेटवर येऊच.

गोडाचं आधी सांगते, कारण घरच्या चॉकलेटांचा सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. बाजारात लादी मिळते ते कंपाउंड चॉकलेट चांगलंच गोड असतं. वेष्टनावरचे घटक वाच, बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं दिसेल. त्यात तू पेढा बुडवलास, की खाणाऱ्याला पेढ्याची चव लागत नाही आणि चॉकलेटचीही नाही. नुसती जीभ मिटते. दुकानात चॉकलेट बर्फी खपते म्हणून आपण ती करायला हवी असं कुठे आहे? खव्याचं काही बुडवू नकोस याला आणखीही कारण आहे. खव्यात पाणी असतं आणि वरून चॉकलेटचं कवच चढवलं म्हणून तो जास्त दिवस टिकत नाही. घरी संध्याकाळी करून रात्री संपवायचं असेल तर खुशाल कर. भेटीचं खोकं मात्र समोरचा कधी उघडेल ते आपल्या हातात नसतं. भाऊबीजेला दिलेलं तुळशीच्या लग्नापर्यंत कपाटात राहिलेलं मी पाहिलंय.

मग बुडवायचं काय? आंबट, तिखट, खारट, नाहीतर खरपूस भाजलेलं. माझ्या यादीत सगळ्यात वर आलेपाक. चांगली कडक वडी घे, भुसभुशीत नको. बोटाच्या पेराएवढे तुकडे कर, अंगावरची सुटी साखर कोरड्या ब्रशने झटक आणि डार्क चॉकलेटमध्ये अर्धीच बुडव. अर्धी पिवळसर, अर्धी काळी. दिसतेही छान आणि आल्याचा ठसका आधी लागून मग चॉकलेट पसरतं. तुझ्या काकांना गोड वर्ज्य असतानाही त्यांचा हात याच डब्याकडे जातो.

दुसरी फणसपोळी. बरक्या फणसाची ती, मे महिन्यात कोकणातून कुणी ना कुणी आणून देतंच आणि दिवाळीपर्यंत डब्यात पडून असते. तिच्या दोन बोटं रुंद पट्ट्या काप, टोकाला धरून दोन तृतीयांश बुडव. आंबापोळीचंही तसंच, फक्त ती जास्त चिकट असते. आदल्या रात्री पट्ट्या सुट्या करून पंख्याखाली ठेव. आमच्या वेळी चॉकलेटच्या शिकवणीत या गोष्टी कुणी शिकवत नसे. तिथे सगळा भर लाल-हिरव्या इसेन्सवर आणि अननसाच्या वासावर. ते वास मला आजही सोसत नाहीत.

तिसरे खारे दाणे. वाण्याकडचे साधे खारे दाणे, सालं चोळून, पाखडून. २०० ग्रॅम वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये १५० ग्रॅम दाणे कालव आणि चमच्याने छोटे छोटे ढीग टाक. संपलं काम. यात बुडवणं नाही, वळणं नाही, बिघडायला जागा नाही. पहिल्यांदा करतेस, तर खोक्यात हे ठेवच. बाकी काही फसलं तरी खोकं भरतं. दाण्यांऐवजी कुरमुरे किंवा तळलेले मक्याचे पोहे घातलेस तरी चालेल. पोहे तळल्यावर कागदावर टिपून पूर्ण गार झालेले हवेत.

आता खजूर. याचा माझा ठरलेला हिशेब देते. पाव किलो बिनबियांचा खजूर, १०० ग्रॅम बदाम-अक्रोड-काजू मिळून, एक चमचा तूप, चिमूटभर सुंठ आणि चिमूटभर मीठ. "बिनबियांचा" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी एकेक फोडून बघ. एखादी बी निघतेच आणि ती नेमकी कुणाच्या तरी नव्या दातांखाली जाते. तुपावर खजूर मंद आचेवर तीनचार मिनिटं परतून चमच्याने दाबत मऊ कर, उतरव, मग सुकामेवा मिसळ. १२ ग्रॅमचा एक असे गोळे वळलेस तर अठ्ठावीस-एकोणतीस होतात. पहिले दोन वजनकाट्यावर बघ, मग हाताला अंदाज येतो. एका घासात मावेल एवढाच गोळा हवा. मोठा लाडू चॉकलेटमध्ये बुडवला तर चावताना सगळं कवच फुटून सदऱ्यावर पडतं.

खजुरात साखर घातली नाही म्हणून तो मधुमेहवाल्यांना चालतो असं खोक्यावर लिहू नकोस. खजूर स्वतःच साखर आहे. आणि बाजारात "शुगर-फ्री" म्हणून जी चॉकलेटची लादी मिळते तिच्यात बऱ्याचदा माल्टिटॉल असतं. एखाद-दुसऱ्या तुकड्याने काही होत नाही, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. असं खोकं देताना तोंडाने सांगून दे.

सुकामेवा कधी कच्चा घालायचा नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहाएक मिनिटं भाज. बदाम मोडून पाहिला तर आतून फिकट तपकिरी दिसला पाहिजे. मग ताटात पसरून पूर्ण गार कर. गरम दाणे डब्यात भरलेस की आत वाफ धरते आणि कुरकुरीतपणा गेला. अक्रोड आधी खाऊन बघ. काजू-बदामांपेक्षा तो लवकर खवट होतो, आणि चॉकलेट खवटपणा झाकत नाही, उलट त्याची चव घशात रेंगाळवतं.

नारळाबद्दल एकदा स्पष्ट सांगून टाकते. ओल्या नारळाची वडी आपल्या घरची शान, पण ती चॉकलेटात बुडवून भेट द्यायची नाही. ओलं खोबरं तीनचार दिवसांत आंबूस व्हायला लागतं आणि कवचाखाली ते कळतही नाही. भेटीसाठी नारळाचा सुकवलेला बारीक कीस घे, ज्याला दुकानात डेसिकेटेड कोकोनट म्हणतात. १५० ग्रॅम किसाला साधारण २०० ग्रॅम मिल्कमेड, किसलेली लिंबाची साल, आणि मीठ चिमटीपेक्षा जरा जास्त. मळून अर्धा तास झाकून ठेव, कीस ओलावा पितो आणि मिश्रण आवळतं. लगेच वळायला गेलीस तर वाटेल मिल्कमेड जास्त झालं आणि उगाच कीस वाढवशील, मग दुसऱ्या दिवशी ते कोरडं ठणठणीत. याला मिल्क चॉकलेट लावू नकोस, डार्कच. गोडाचा नियम इथे फार कडक पाळावा लागतो.

गोळे झाले, की घाई करू नकोस. ताटात एकमेकांना न चिकटवता मांड आणि रात्रभर पंख्याखाली राहू दे, वरून पातळ मलमल टाकून. सकाळी बोटाने दाबून बघ, चिकटता कामा नये. वरची त्वचा अशी सुकली की चॉकलेट नीट धरतं आणि आतला ओलावा बाहेर पाझरत नाही. श्रावण-भाद्रपदात, म्हणजे गणपतीसाठी चॉकलेटचे मोदक वगैरे करताना, नुसता पंखा पुरत नाही. तेव्हा हातावर थोडी दुधाची पावडर घेऊन गोळा फिरव आणि जास्तीची झटकून टाक. पिठी राहिली तर चॉकलेट तिच्यावर बसतं आणि सालासारखं सुटतं.

फ्रीजमधून काढून थेट बुडवायचे, हा सल्ला तुला पुष्कळ जण देतील. त्यांचं काम झपाझप होतं, कारण गारेगार गोळ्यावर चॉकलेट क्षणात आवळतं. पण तासाभराने बघ. गोळा खोलीच्या उष्णतेला येताना किंचित फुगतो, वरचं कवच मात्र आधीच गोठून बसलेलं असतं. त्याला चीर जाते आणि चिरेतून खजुराचा चिकट थेंब बाहेर येतो. शिवाय गार वस्तूवर हवेतली वाफ जमते, आणि पाण्याचं आणि वितळलेल्या चॉकलेटचं किती वाकडं आहे ते पुढे सांगतेच. उकाडा फार असेल तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, त्याहून जास्त नको. हाताला थंडगार लागता कामा नये.

आता तुझा प्रश्न. आमच्या पिढीला सगळं चॉकलेट म्हणजे कॅडबरी; ठाण्यात तर चौकालाही कॅडबरी जंक्शन म्हणतात. पण खायची वडी वितळवून बुडवायला घ्यायची नाही. ती पुरेशी पातळ होत नाही आणि गोठली तरी मऊ, डागाळलेली राहते. बुडवण्यासाठी दोन जाती आहेत. एकीत कोको बटर असतं, दुसरीत त्याच्या जागी वनस्पती तेलातून केलेली घट्ट चरबी. वेष्टनावर "हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट" किंवा पाम कर्नेल असं काही दिसलं की ते कंपाउंड. मोर्डेच्या ज्या लाद्या सगळ्या केकवाल्या बायका आणतात, त्यातल्या बहुतेक याच.

चव विचारशील तर कोको बटरवालं खरं. तोंडात गेलं की विरघळतं, मागे मेणचट थर राहत नाही. पण ते लहरी आहे. कोको बटर सहा वेगवेगळ्या रचनांत गोठू शकतं आणि त्यातल्या एकीलाच, जाणकार तिला पाचवी म्हणतात, ती चकाकी आणि मोडताना टक् असा आवाज येतो. ती साधण्यासाठी डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, मग ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणायचं आणि पुन्हा ३१-३२ वर नेऊन तिथेच राखायचं. मिल्कला शेवटचा आकडा २९-३० आणि पांढऱ्याला २८-२९. याला टेंपरिंग म्हणतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात, ज्या घरात दुपारी भिंतीसुद्धा तापतात, तिथे एसीशिवाय हे करायला जाऊ नकोस. खोली २० ते २२ अंशांची हवी. थर्मामीटर नसेल तर विचारच सोड.

म्हणून पहिल्या दिवाळीला कंपाउंड घे, डार्क घे, आणि मनात कमीपणा आणू नकोस. ते वितळव, बुडव, गोठलं. आत आलेपाक किंवा फणसपोळी असेल तर चवीची जबाबदारी त्यांनी घेतलेलीच असते. हौस वाढली की थंडीत, जानेवारीत, खऱ्या चॉकलेटकडे वळ. दोन्ही एकत्र मात्र कधी करू नकोस. "उरलेलं थोडं चांगलं चॉकलेट यात टाकते, चव येईल" असं वाटतं, पण दोन्ही चरबी एकमेकींना मानवत नाहीत. मिश्रण मऊ पडतं आणि काही दिवसांत वर पांढरट बुरा येतो.

हा बुरा दिसला की लोक बुरशी समजून फेकून देतात. बुरशी नसते ती. उष्णतेने चरबी वर येऊन गोठते तेव्हा राखाडी, चोपडे डाग दिसतात. ओलाव्याने साखर विरघळून पुन्हा दाणे धरते तेव्हा खरखरीत पांढरेपणा येतो. बोटाने चोळून बघ, चरबी असेल तर पुसली जाते, साखर खरखरत राहते. खायला दोन्ही चालतं. भेट द्यायला नाही.

वितळवताना लादी आधी सुरीने बारीक चीर. पातेल्यात दोन बोटं पाणी, ते नुसतं वाफाळलेलं, उकळतं नको, आणि त्यावर बसणारं भांडं पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठं हवं, म्हणजे कडेने वाफ वर येऊन चॉकलेटात पडत नाही. भांड्याचं बूड पाण्याला टेकू देऊ नकोस. दोन भाग वितळले की गॅस बंद, भांडं खाली, बूड पुसून घे, आणि उरलेला तिसरा भाग त्यात ढवळून विरघळव. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या ताकदीवर तीस-तीस सेकंद, प्रत्येक वेळी ढवळून. तुकडे आकार धरून बसलेले दिसतात म्हणून "अजून वितळलं नाही" असं वाटतं आणि आत करपून जातं. पांढरं चॉकलेट तर सगळ्यात आधी करपतं, त्याच्यातल्या दुधामुळे. त्याच्याजवळून हलायचं नाही.

आणि पाणी. ओला चमचा, धुऊन नीट न पुसलेली वाटी, झाकणावरून पडलेला एक थेंब, एवढ्यानेसुद्धा वितळलेलं चॉकलेट गच्च होऊन गोळा बनतं. साखरेचे कण ओलावा धरून एकमेकांना चिकटतात. लाकडी चमचा वापरू नकोस, तो आत ओल धरून ठेवतो. स्टीलचा किंवा सिलिकॉनचा घे. पाण्यातला रंग, पाण्यातला इसेन्स हेही पाणीच. चॉकलेटसाठी तेलातले रंग वेगळे मिळतात. घट्ट वाटलं म्हणून दूध घालू नकोस, लोणीही नको, कारण लोण्यातही पाणी असतं. २०० ग्रॅमला एक छोटा चमचा बिनवासाचं खोबरेल तेल घातलंस की पातळ होतं. एवढं करूनही गोळा झालाच, तर टाकून देऊ नकोस. १०० ग्रॅमला दोन मोठे चमचे गरम दूध घालून जोरात घोट, छान सॉस होतो. बुडवायला तो चालणार नाही, पण आइस्क्रीमवर घालायला मुलं घरात आहेतच.

बुडवायला पसरट भांडं घेऊ नकोस. उंच, अरुंद वाटी किंवा पेला घे, म्हणजे थोड्या चॉकलेटातही गोळा पूर्ण बुडतो. पाव किलोच्या घाण्याला २०० ग्रॅम चॉकलेट पुरतं. प्लॅस्टिकचा काटा घेऊन मधले दात मोडून टाक, दोन दातांचा काटा झाला की गोळा त्याच्यावर टेकतो आणि जास्तीचं चॉकलेट खाली निथळतं. विकतचा बुडवायचा काटा कशाला हवा? आधी एक काम कर: सगळ्या गोळ्यांचं बूड चॉकलेटने पातळ सारवून घे आणि सुकू दे. खालच्या बाजूला कवच नेहमी पातळ राहतं आणि पाझर तिथूनच सुरू होतो. सारवलेला गोळा मग पूर्ण बुडव, काट्यावर उचल, वाटीच्या काठावर दोनतीनदा टकटक कर, बूड काठावरून ओढून घे आणि बटर पेपरवर अलगद सोड. टकटक केली नाहीस तर गोळ्याभोवती चॉकलेटचं तळं साचतं. झालंच, तर गोठल्यावर सुरीने कापून टाक.

सजावट एकेका गोळ्यावर लगेच करायची. कंपाउंड मिनिट-दोन मिनिटांत आवळतं. दहा गोळे बुडवून मग पिस्ते भुरभुरायला गेलीस तर ते घरंगळून खाली. एकीने बुडवावं, दुसरीने भुरभुरावं. सासूबाईंना बसव समोर, त्यांना आवडेल. खजुरावर पिस्त्याची कापं, आलेपाकावर काही नको, नारळावर किसाचीच चिमूट. पांढऱ्या रेघा काढायच्या असतील तर बटर पेपरचा मेंदीसारखा कोन वळ. तुला मेंदी येते, तुला शिकवायला नको. केशराच्या काड्या लावणार असशील तर कोरड्याच लाव, दुधात भिजवलेल्या नाही.

गोठवायला पंखा पुरतो. अगदीच उकाडा असला तर फ्रीजमध्ये दहा मिनिटं, आणि बाहेर काढून घाम सुकेपर्यंत हात लावायचा नाही. हाताळताना पातळ हातमोजे घाल, कारण बोटांचे ठसे उमटतात आणि ते कशाने जात नाहीत.

ठेवणीबद्दल एक गोष्ट कुठल्याच शिकवणीत सांगत नाहीत. चॉकलेट वास फार पटकन ओढतं. दिवाळीत घरभर उदबत्ती, कापूर, उटणं, आणि आपण खोकी ठेवतो कुठे, तर देवघराखालच्या कपाटात. दोन दिवसांत खजुराला कापराची चव. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारीही नको, फ्रीजमध्ये चिरलेल्या कांद्याशेजारीही नको. हवाबंद डबा आणि घरातली थंड, अंधारी जागा. फ्रीजमध्ये ठेवणं भाग पडलं तर डबा बाहेर काढल्यावर तसाच बंद राहू दे, तासाभराने उघड. लगेच उघडलास की दव चॉकलेटवर बसतं. तो बंद असला की बाहेरून झाकणावर बसतं. खजूर आणि दाणे पंधरा दिवस मजेत राहतात, नारळाचे दहा दिवसांत संपवावे.

खोक्यांसाठी पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट. कागदी वाट्या, चमकीचे कागद, कप्प्यांची खोकी सगळं एका फेरीत मिळतं. जाताना एक गोळा माप म्हणून बरोबर ने, कारण वाट्यांचे आकार नुसते बघून कळत नाहीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नकोस, तिथे पाय ठेवायला जागा नसते. नवरात्रात उरकून टाक. खोकं फार मोठं घेऊ नकोस. नऊ किंवा बारा कप्पे पुष्कळ झाले, चार प्रकार आणि प्रत्येकाचे तीन. एकाच खोक्यात आलेपाक आणि नारळ शेजारी नकोत. आल्याचा वास सगळीकडे जातो. आलं वेगळ्या कागदात गुंडाळ.

वर चिठ्ठी लाव. केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, आणि आत काय काय आहे. शेंगदाणे, काजू, दूध हे नावानिशी लिही. एखाद्या घरातल्या पोराला दाण्यांची ॲलर्जी असते आणि ते आपल्याला ठाऊक नसतं. मार्शमॅलो घालण्याचं डोक्यात असेल तर पाकिटावरची शाकाहारी-मांसाहारी खूण बघ. बऱ्याच मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि आपल्या अर्ध्या नातेवाइकांना ते चालणार नाही. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना आवर्जून सांग, चॉकलेट त्याला विषासारखं आहे. खोकं खाली टीपॉयवर ठेवायचं नाही. आणि तुझ्या मोठ्या काकू विचारतील, उपासाला चालतं का. खजुराचे चालतात म्हणून सांग, त्या मनात तसंच ठरवून आलेल्या असतात.

न्यायचं कसं हेही आधीच ठरव. स्कूटरच्या डिकीत नाही, उन्हात लावलेल्या गाडीत नाही. कंपाउंड जरा तग धरतं इतकंच. कुरिअरने पाठवायची असतील तर दाण्यांची आणि फणसपोळीची पाठव, बुडवलेले नाजूक गोळे स्वतः नेऊन दे. फराळाचं ताट क्रोशाच्या रुमालाखाली शेजारी जायचं तसंच हे हातोहात गेलेलं बरं. ताट रिकामं परत येत नाही, तेव्हा चारदोन चकल्यांसाठी घरी डबा मोकळा ठेव.

दिवाळी झाली की थांबायचं कारण नाही. नाताळात वसईला, वांद्र्याला ओळखीच्या घरी खोकी न्यायची असतील तर हिवाळा साथ देतो. तिथे त्यांच्याकडे काजूचं मार्झिपान, मिल्क क्रीम, कुलकुल यांची ताटं फिरत असतातच, तेव्हा आपण तिखट-आंबट काही न्यावं. संक्रांतीला तिळाची वडी अर्धी डार्कमध्ये बुडवून बघ. भाजलेला तीळ मुळातच किंचित कडवट, त्याला ते फार शोभतं. चिक्कीही बुडवता येते, आणि कवचामुळे ती दमट हवेत लवकर मऊ पडत नाही हा वरचा फायदा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून येते. ती धुऊन, एकेक पुसून, देठाला धरून बुडवायची आणि त्याच दिवशी खायची. दुसऱ्या दिवशी फळ पाणी सोडतं आणि कवच घसरून पडतं. ती भेटीच्या खोक्यात कधीच नाही, पाहुणे घरी येणार असतील तेव्हा.

वाटीच्या तळाशी चॉकलेट उरेल, त्यात खजुराचे कण पडलेले असतील. ते गाळत बसू नकोस. मूठभर दाणे घालून कालव, बटर पेपरवर पसर, गोठलं की तोड, घरच्यांना दे. स्वच्छ उरलं असेल तर कागदावर ओतून वडी करून ठेव, पुढच्या वेळी वितळवता येतं. मग भांडी. लगेच नळाखाली धरू नकोस. आधी जुन्या कागदाने सगळं चॉकलेट पुसून कचऱ्यात टाक, मग कडकडीत पाण्याने धू. ती चरबी मोरीच्या पायपात जाऊन गोठली की प्लंबर बोलवावा लागतो, आणि दिवाळीत तो येत नाही.